शनिवारची गायिका

समता हिवाळे शनिवारी संध्याकाळी बुलडाण्यात भर मैदानावर गायली, बरी गायली, आणि गाणं संपल्यावर काही वेळ कुणी खुर्चीवरून उठलं नाही. आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरून चालू. कारण शनिवार यायला अजून अवकाश आहे. आज मंगळवार आहे, दुपार आहे, आणि समता हिवाळे गात नाही. ती गाते असं कुणी म्हणालं असतं तर तिनं त्याला आधी सावलीत बसवलं असतं आणि मग पाणी दिलं असतं. ती जयस्तंभ चौकात एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायातली चप्पल शिवणाऱ्याच्या गुडघ्यात उलटी धरलेली होती आणि तो तिच्यातून दाभण असं काढत होता, जणू चपलेनंच काही गुन्हा केला आहे. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काम नसतं, तोल सांभाळणं हेच काम. अशात चिखली रोडकडून दोन भोंगे लावलेला ऑटो आला आणि समताच्याच आवाजात बोलू लागला.

यात दचकण्यासारखं काही नव्हतं. बुलडाण्यातला झाडून प्रत्येक भोंगा तिच्याच आवाजात बोलतो. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, उद्या नळ येणार नाहीत, परवाही येणार नाहीत, हे सगळं गावाला समता सांगते, आणि गाव तिचा आवाज आपल्या मावशीच्या आवाजासारखा ओळखतं. तिला मात्र कुणी ओळखत नाही. पाणीपुरीच्या गाडीवर तिनं 'तिखट कमी' म्हटलं की शेजारचे लोक उगाच वर बघतात, आसपास कुठं ऑटो आहे का म्हणून. तर ऑटो आला, आणि ती सवयीनं स्वतःला तपासू लागली. 'सप्तसूर महोत्सव'मधला 'प्त' स्वच्छ पडला होता. 'मैदानावर' जरा घाईत गेलं होतं. 'सुप्रसिद्ध'चा 'सु' उगाच लांबला होता. आणि मग ऑटो बरोबर तिच्या समोर आला तेव्हा भोंगा म्हणाला, "येत्या शनिवारी, खास आपल्या भेटीला, सुप्रसिद्ध गायिका समता हिवाळे." तिला आधी वाटलं, बाई नशिबाची आहे. मग वाटलं, नाव कुठंतरी ऐकलंय. मग तिचा दुसरा पाय खाली टेकला, उन्हातल्या डांबरावर, अनवाणी, आणि तो चटका तळव्यातून निघून कानाच्या पाळीपर्यंत कसा गेला हे तिला रस्त्यासकट कळलं. चप्पल शिवणारा मान वर न करता म्हणाला, "मोठी बाई आहे म्हणते थे."

"कोण म्हणते?"

"आताच नाही का म्हणलं भोंग्यानं."

हे घडलं कसं, ते समताला तिथंच, चप्पल पायात सरकवता सरकवता लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर आणखीच वाईट वाटलं, कारण त्यात कुणाचाही डाव नव्हता. गोकुळचा स्टुडिओ म्हणजे सुंदरखेडच्या वाटेवरच्या पिठाच्या गिरणीवरची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला त्याच्या आजीची गोधडी टांगलेली. खाली गिरणी चालू असली की वर रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून गोकुळ खिडकीतून ओरडतो, गिरणी थांबते, दळण घेऊन आलेल्या बाया शिव्या देतात, तेवढ्यात समता बोलून घेते. पण त्याआधी आवाज पारखावा लागतो. माइकपासून किती लांब बसायचं, 'प' फुटतो का, 'स' शिट्टी मारतो का. कार्यक्रम करणारे लोक कलाकाराचं नाव कधीच वेळेवर देत नाहीत, त्यामुळे पारखताना नावाच्या जागी काहीतरी भरावं लागतं, आणि समता गेली काही वर्षं तिथं स्वतःचं नाव भरते. सुप्रसिद्ध कीर्तनकार समता हिवाळे. नेत्ररोगतज्ज्ञ समता हिवाळे. एकदा जनावरांच्या बाजारासाठी पारखताना ती जातिवंत खिलारी समता हिवाळे होती. हे सगळं पुसायचं असतं आणि गोकुळ पुसतोही. पण महोत्सवाच्या समितीत शनिवारच्या कलाकारावरून एकमत होईना. समिती म्हणाली, तूर्त नुसतं 'सुप्रसिद्ध कलावंत' म्हणा. तसं ते म्हटलं गेलं, आणि गोकुळनं त्या फाईलला नाव दिलं 'शेवटची'. पारखायच्या फाईलचं नाव होतं 'एकदम शेवटची'. पेनड्राइव्हवर कोणती गेली हे सांगायला ज्योतिषी नको.

ती गिरणीकडे निघाली तेव्हा सरळ जाऊन गोकुळची गचांडी धरायची, फाईल बदलायची, अर्ध्या तासात गावाला विसरायला लावायचं, इतकं सोपं होतं. पण वाटेत तिचे पाय रेंगाळले. रसवंतीवर दोन माणसं बोलत होती. त्यातला एक सांगत होता की ह्या बाईला त्यानं संभाजीनगरला ऐकलं आहे, गझल गाते, काय गाते, खल्लास. दुसरा म्हणत होता, गझल नाही, कव्वाली, आणि बाई गर्दी असल्याशिवाय तोंडच उघडत नाही. पुढं एक मास्तर दुसऱ्या मास्तरला सांगत होते की किराणा घराण्याची असावी, हिवाळे आडनाव त्या घराण्यात असतं. समता चप्पल नीट करायच्या निमित्तानं तिथंच वाकून ऐकत राहिली, आणि ती भीतीनं थांबली की कशानं, हे तिला ठरवता येईना. गावानं तिला एका दुपारीत इतक्या ठिकाणी गाताना ऐकलं होतं. तिनंच तेवढं ऐकलं नव्हतं.

कारण ती एकदाच गायला उभी राहिली होती, तिसरीत असताना, चौदा एप्रिलला, विहारासमोरच्या स्टेजवर. पांढरा फ्रॉक, डोक्याला निळी रिबन, समोर अख्खा वॉर्ड. गाणं पाठ होतं. माइक तिच्या उंचीला आणण्यासाठी वाकवलेला होता आणि त्याच्या जाळीला आधी गाऊन गेलेल्यांच्या तोंडचा पानाचा वास होता. ती म्हणाली, "मी आपणासमोर एक गीत सादर करत आहे." मग तोंड उघडलं तर गाणं आलं नाही, गाण्याच्या जागी परत तेच वाक्य आलं. मी आपणासमोर एक गीत सादर करत आहे. लोक थांबले. तिसऱ्यांदा ती तेच आणखी खणखणीत म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवल्याशिवाय ही पोर खाली उतरणार नाही हे त्यांना कळलं होतं. तिचे वडील कचरू, बुलडाणा डेपोत एसटीचे ड्रायव्हर, ते गर्दीतून पुढं आले, तिला काखोटीला मारून खाली घेतलं, आणि आजूबाजूच्यांना म्हणाले, "मस्त बोलली माही पोरगी." घरी आल्यावर आजी, काका, शेजारीण, सगळे म्हणाले, छान बोलली. गायली नाही असं एकाही माणसानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती रडली असती आणि मोकळी झाली असती. ते गाणं मग आतच राहिलं, पाहुण्यासारखं, उद्या जातो म्हणत. ती बोलतच राहिली. शाळेत सूत्रसंचालन, कॉलेजात सूत्रसंचालन, मग गोकुळचा माइक. तिच्या तोंडून निघालेली कोणतीच गोष्ट आजची नसे. सगळं आगामी. गाणी तिच्या मागून कुणीतरी दुसरं येऊन गायचं.

खरं सांगायचं तर ती एका ठिकाणी गायची. दुपारी गिरणी भर वेगात असताना, पट्टा फाटेल असा आवाज खालून येत असताना, ती वरच्या खोलीत गोधडीकडे तोंड करून गायची. त्या आवाजात तिला स्वतःचा आवाज कानानं ऐकू येत नसे, फक्त छातीच्या हाडात जाणवायचा, आणि तेवढंच तिला पुरायचं. गिरणी थांबली की तीही थांबायची. जगात बहुतेक ही एकच गायिका असावी जिला साथीला गव्हाचं दळण लागायचं.

गोकुळनं चूक लगेच कबूल केली. कबूल करताना तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, एवढं त्याला वाईट वाटलं होतं. पण बुधवारी सकाळी दोघं नवी फाईल करायला बसले तोच जिन्यावर समितीचे अध्यक्ष जानराव यांची पावलं वाजली. जानराव बाजार समितीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी संगीत हाती घेतलं होतं, जसं काही लोक मधुमेह हाती घेतात. समितीत कुणाला शास्त्रीय हवं होतं, कुणाला कव्वाली, कुणाला भीमगीतं, पोरांना बँड. तेव्हा जानरावांनीच तोडगा काढला होता की सात दिवस सात प्रकार, भांडण खलास. समता आणि गोकुळ उभे राहिले. आता बोलणी बसणार, या तयारीनं दोघांनी माना खाली घातल्या. जानराव गोधडीला टेकून धाप टाकत म्हणाले, "अलाउन्स झकास. पण एक सांगतो. त्या बाईचं नाव असं घेतलं पाह्यजे का मानसाच्या अंगावर काटा आला पाह्यजे. आता जरा सपाट होऊन राह्यलं."

समताला वाटलं, आता सांगावं. ती म्हणाली, "साहेब, थे बाई कोण आहे तुमाले माहीत आहे का?"

"म्हंजे काय? म्याच बोलावली."

गोकुळनं समताकडं बघितलं. जानरावांनी ते बघणं वेगळ्या अर्थानं घेतलं. ते जरा पुढं वाकले आणि सांगू लागले की समितीतला उकंडराव गावभर म्हणत फिरतो त्यानं बोलावली म्हणून, आणि महिला मंडळाच्या सत्यभामाबाई तर म्हणतात बाईंचं आणि त्यांचं फोनवर दोनदा बोलणं झालं, स्वभावानं फार साधी आहे. दोघंही खोटं बोलतात. पोस्टरवर 'आपल्या जिल्ह्याचं भूषण' टाकायचं ठरलं आहे, तर तेही अलाउन्समध्ये घ्यावं. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. बाईला गाण्याआधी काय लागतं, गरम पाणी की लवंग, तेवढं कुठून कळेल का? गोकुळ जमिनीकडं बघत म्हणाला की कळेल. समता म्हणाली, "गरम पानीच चालते तिले." जानरावांनी ते लक्षात ठेवलं. जाताना जिन्यात थबकून त्यांनी विचारलं, "पोरी, तुहं नाव काय वं?"

ही वेळ होती. दार उघडं होतं, माणूस उभा होता, प्रश्न सरळ होता. समताच्या जिभेवर नाव आलं आणि तिथंच, दातांच्या आत, बसून राहिलं. भोंग्यातून ते इतक्या रुबाबात गावभर फिरत होतं की जिन्यात, साध्या आवाजात, घामेजलेल्या माणसासमोर ते घ्यायला तिला कसंतरी वाटलं. कुणा मोठ्या माणसाचं नाव घेऊन आपण उगाच ओळख सांगतोय असं. "मी अलाउन्सवाली," ती म्हणाली. जानरावांचं समाधान झालं. ते गेले, गोकुळनं खिडकीतून ओरडून गिरणी थांबवली, आणि समतानं माइकसमोर बसून, या वेळी कुणाच्या तरी अधिकृत सांगण्यावरून, म्हटलं, आपल्या जिल्ह्याचं भूषण, सुप्रसिद्ध गायिका समता हिवाळे. पारखायला नव्हे. खरोखरीचं. गोकुळनं मागं लावून ऐकवलं तेव्हा काटा आला, पण तो तिच्याच अंगावर.

त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन मागच्या रांगेत बसू लागली. ऐकायला नव्हे, लोक सुरुवात कशी करतात ते बघायला. बुधवारी शास्त्रीय होतं. बुवा बसले, तंबोरे लागले, बुवांनी खाकरून घेतलं, तबलजीनं हातोडीनं ठोकून घेतलं, बुवांनी परत खाकरून घेतलं, शाल सारखी केली, एक सूर लावला आणि आवडला नाही म्हणून काढून घेतला. असा बराच वेळ गेला आणि लोक मान डोलावत होते. समताला जरा आशा वाटली. म्हणजे सुरू न करण्याचीही एक कला असते आणि तिलाही दाद मिळते. गुरुवारी अकोल्याच्या पोरांचा बँड होता. त्यांनी पहिल्याच फटक्यात अर्ध्या मैदानाची लाइट घालवली, अंधारातही वाजवत राहिले, आणि लाइट आल्यावर कुणालाच फरक कळला नाही. तिला वाटलं, हेही चालतं. तोंड उघडायचं आणि मागचं पुढचं न बघता आत शिरायचं, थंड पाण्यात शिरतात तसं. पण घरी जाताना संगम तलावाच्या काठानं वारा यायचा आणि त्या वाऱ्यात तिला तिसरीतल्या माइकचा वास यायचा. ती मनात म्हणून बघायची, मी आपणासमोर एक गीत. आणि पुढं फक्त वारा.

तिची आई जनकाबाई वॉर्डात आशा सेविका. घरोघर जाऊन गरोदर बायांना गोळ्या खाल्ल्या का विचारणं, लेकरांच्या लशी लक्षात ठेवणं, तापाच्या माणसाला दवाखान्यात ढकलणं, यात तिचा दिवस जायचा. गुरुवारी रात्रीच्या भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुह्या नावाची एक मोठी गायिका येऊन राह्यली म्हणते. घरोघरी तेच विचारून राह्यल्या बाया मले. म्या म्हटलं, नावाले काय, नाव कोनाचंबी राहू शकते." समता पीठ मळत होती, मळतच राहिली. जनकाबाईनं भाकरी उलटली आणि विचारलं, "जाऊ का मंग आपन दोघी आयकाले?" समता म्हणाली, हाव. म्हणजे आता असं ठरलं होतं की समता हिवाळे आपल्या आईला घेऊन समता हिवाळेला ऐकायला जाणार. जनकाबाईनं पेटीतली पांढरी साडी काढून हवेला टाकली. ती साडी दोरीवर रात्रभर हलत होती आणि समता खाटेवरून तिच्याकडं बघत होती, आणि तिला वाटत होतं, कुणीतरी पांढऱ्या कपड्यातलं आपल्यासाठी तिष्ठत उभं आहे, आणि आपण त्याला परत एकदा फसवणार आहोत. एका आईला दोनदा फसवायचं म्हणजे फार झालं. पहिल्यांदा, तिसरीत, निदान वय तरी कमी होतं.

म्हणून शुक्रवारी तिनं गोकुळला सांगितलं की रद्दचं करून टाकू. गोकुळला वाईट वाटलं, पण त्यानं गिरणी थांबवली. समता म्हणाली, काही अपरिहार्य कारणास्तव शनिवारचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे, रसिकांनी कृपया नोंद घ्यावी. इतकं सुंदर आजवर तिनं काही म्हटलं नव्हतं. 'अपरिहार्य'मध्ये एकही खडा नव्हता. गोकुळनं हेडफोन काढला आणि तो काही वेळ तारेशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "गिरणी चालू राह्यते तवा तू गातं, हे माहीत आहे मले. पहिल्या पहिल्यानं वाटलं पट्टा घासून राह्यला. म्या तेलबी टाकलं त्याले. मंग समजलं का पट्टा काही रोज दुपारी तेच तेच नाही घासत."

"काऊन नाही सांगितलं मंग?"

"सांगितलं असतं तं तू गायली असती का?"

ती पेनड्राइव्ह मुठीत घेऊन ऑटोवाल्याकडे निघाली आणि घरी पोचली. पाय कधी वळले ते तिला कळलं नाही. मुठीतल्या त्या इवल्याशा तुकड्यात ती रद्द झालेली होती, संपूर्ण, व्याकरणशुद्ध, आणि तो तुकडा हाताच्या घामानं कोमट झाला होता. घरात जनकाबाई पातेल्यात पाणी उकळत ठेवून गुणगुणत होती. ते गाणं समता जन्मापासून ऐकत आली होती, म्हणजे ते तिनं कधीच ऐकलं नव्हतं. जनकाबाईनं ते स्वतःच रचलेलं, कुठल्याशा जुन्या भीमगीताच्या चालीवर, फार वर्षांपूर्वी, वस्तीत लेकरांना जुलाब लागायचे आणि बाया मीठ-साखरेचं पाणी करायला विसरायच्या तेव्हा. सांगून विसरतात, गाऊन नाही विसरत, असा तिचा अनुभव. पाणी उकळ वं बाई, मंग गार होऊ दे. मीठ-साखरेचं त्यात भांडन मिटू दे. चाल अशी की उकळताना वर जायची आणि गार होताना सावकाश खाली उतरायची. समता उंबऱ्यात उभी राहिली. घोट-घोट पाज बाई, घाई नको करू; निघालेलं लेकरू घोटा-घोटानं धरू. त्या 'निघालेलं'वर जनकाबाईचा आवाज जरासा फाटला, नेहमी फाटत असावा, आणि समताला एकदम दिसलं की या ओळीत कुणाच्या कुणाच्या घरातली लेकरं आहेत, कोणती राहिली आणि कोणती गेली, आणि आई गेली इतकी वर्षं एका सरकारी पिशवीत हे घेऊन दारोदार गात फिरते आहे आणि कुणीही याला गाणं म्हटलेलं नाही. म्हणतात, जनकाबाईनं माहिती दिली. छान बोलली.

तिनं आईला सगळं सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच जनकाबाई पातेल्याखालचा गॅस बारीक करत म्हणाली, "माहीत आहे मले थे बाई तूच आहे म्हून."

समतानं मुठीतला पेनड्राइव्ह मिठाच्या बरणीशेजारी ठेवला.

"समता हिवाळे नावाची दुसरी बाई ह्या गावात कुठी राह्यली असती, तं तिच्या लेकराच्या लसीची तारीख मले तोंडपाठ नसती का?"

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता समताच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली की मला काही येत नाही, मी तिथं उभी राहीन आणि परत तेच वाक्य म्हणेन. जनकाबाई म्हणाली, म्हण. लोकांना सवय आहे. समतानं विचारलं की गाऊ काय, लोकांना गझल पाहिजे, कव्वाली पाहिजे, किराणा घराणं पाहिजे. जनकाबाईनं खांदे उडवले. तिला त्यातलं काय कळतं, तिला तर जुलाबाचंच गाणं येतं. आणि तिनं पाणी गाळायला घेतलं. पेनड्राइव्ह संध्याकाळभर मिठाच्या बरणीशेजारी पडून होता, आणि दुसऱ्या दिवशी ऑटो गावभर फिरला तेव्हा भोंगा काहीही अपरिहार्य बोलला नाही.

शनिवारी मैदान भरलं होतं. पुढं मास्तर, मधे कव्वालीवाले, डावीकडं वॉर्डातल्या बाया, मागं बँडची पोरं, सगळे आपापल्या प्रकाराची गायिका ऐकायला आलेले. समता स्टेजच्या बाजूच्या पडद्याआड उभी होती, हातात स्टीलचा ग्लास, कोमट पाणी. जानराव हार घेऊन आले, तिच्याकडं बघून म्हणाले, बरं झालं आली, सूत्रसंचालनाच्या बाईंचा घसा बसला आहे, बाईला तूच बोलव. मग ते तिच्या शेजारून पुढं गेले, पडद्यामागं बघितलं, खुर्ची रिकामी दिसली, तरी घाबरले नाहीत. मोठे कलाकार ऐन वेळीच येतात हे त्यांना माहीत होतं. ते स्टेजवर जाऊन पडद्याकडं तोंड करून हार घेऊन उभे राहिले. समता माइकपाशी गेली. आता हा माइक तिच्या उंचीचा होता, कुणी वाकवायला नको होता. तिनं नमस्कार केला आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, आपल्या जिल्ह्याचं भूषण, सुप्रसिद्ध गायिका समता हिवाळे. टाळ्यांचा कडकडाट झाला. अख्खं मैदान पडद्याकडं बघू लागलं. पडद्यातून कुणी आलं नाही. टाळ्या विरळ झाल्या आणि थांबल्या. कुठंतरी खुर्ची करकरली. समताला स्पष्ट कळलं की आता तोंड उघडलं की तेच येणार. आलंच. "सुप्रसिद्ध गायिका समता हिवाळे," ती दुसऱ्यांदा म्हणाली. परत टाळ्या, जरा काळजीच्या. पडदा वाऱ्यानं हलला तसे जानराव हार उचलून दोन पावलं पुढं झाले आणि परत मागं आले. ती तिसऱ्यांदा म्हणायला निघाली. श्वास घेतला, तोंड उघडलं, पण या वेळी नाव जिभेपर्यंत आलं आणि तिला त्याची गंमत वाटली. ते घेऊन घेऊन इतकं झिजलं होतं की त्यात आता भीती धरायला जागाच उरली नव्हती. दोनदा बोलावून जी बाई येत नाही तिच्यासाठी किती थांबायचं. आलेल्या लोकांना पाणी तरी द्यावं.

पाणी उकळ वं बाई, ती म्हणाली. आणि ते म्हणणं नव्हतं.

खाली गिरणी नव्हती. स्वतःचा आवाज तिला पहिल्यांदा बाहेरून ऐकू आला, मैदानाच्या टोकाला जाऊन, भिंतीला लागून, जरा उशिरा परत येताना, आणि तो ओळखीचा नव्हता आणि तिचाच होता. पहिल्या ओळीला मास्तर मान डोलवायला लागले, मग शब्द कळून थांबले, मग विचार करून परत डोलवायला लागले. कव्वालीवाल्यांनी दुसऱ्या ओळीला टाळी धरली. वॉर्डातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणत होत्या, हे तं जनकाबाईचं जुलाबाचं आहे. मग ढोसणं बंद झालं. 'गार होऊ दे'ला चाल उतरली तसं मैदान उतरलं. जानराव अजून पडद्याकडंच तोंड करून उभे होते. हार धरलेला हात हळूहळू खाली येत होता. निघालेलं लेकरू, समतानं म्हटलं, आणि आईचा आवाज फाटायचा तिथंच तिचाही फाटला, तसाच, आणि तिनं तो शिवला नाही. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या साडीत जनकाबाई बसली होती. ती रडत नव्हती. ती ओठांनी पुढची ओळ सांगत होती, पोरगी विसरेल म्हणून, आणि मधेच हातानं खूण करत होती की सावकाश, घोट घोट, घाई नको.

समतानं घाई केली नाही. गाणं तोंडातून चाललं होतं आणि आत, फार वर्षांची सवय म्हणून, एक भोंगा आपल्या शांत, स्वच्छ, कुणालाही न घाबरणाऱ्या आवाजात गावोगाव निघाला होता, संग्रामपूरपासून देऊळगाव राजापर्यंत: तरी माननीय जिल्हा आरोग्य अधिकारी, बुलडाणा यांना नम्र विनंती करण्यात येते की, आशा सेविका श्रीमती जनकाबाई हिवाळे यांचं गाणं यापुढं जुलाब नसलेल्या नागरिकांनाही, वयाची व वॉर्डाची अट न घालता, सकाळ-संध्याकाळ, घरपोच देण्याची व्यवस्था व्हावी. पाणी नागरिक आपापलं उकळून घेतील.